नव्या टॉर्चने दाखवलेला तळ

आमच्या गल्लीतली विहीर आटली. विहिरीवरच्या पंपाची मोटार दुरुस्त करणाऱ्या रशीदभाईंनी आज दुपारी तसं पक्कं सांगितलं, तेही माझ्या नव्या टॅक्टिकल टॉर्चच्या उजेडात.

टॉर्च झकास आहे. मुठीत मावतो, पण झोत थेट तळाला जातो. आजवर आम्ही आरशाने ऊन आत पाडायचो. खाली काहीतरी चमकायचं. पाणी आहे, मोटारच बिघडली, असं म्हणून रशीदभाईंना ती दोनदा उघडायला लावली.

आज दिसलं, चमकत होती ती शेजारच्या काकूंची पडलेली स्टीलची कळशी.

"मैं बोल्या था ना, मोटार चांगली हाय!" रशीदभाई म्हणाले. कुणी हसलं नाही.

"बंद कर रे ते," काकू म्हणाल्या. "आपला आरसाच बरा होता."

मंडळी, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

टँकर परवा यायचाय. उद्या गळ टाकून कळशी काढू. भरायला तेवढंच एक भांडं वाढेल.