चौदा नंबरचं कार्ड

आमच्या गल्लीच्या तोंडाशी जे डॉक्टर बसत, त्यांच्याकडे नंबर घ्यावा लागे. कंपाउंडर पिवळ्या जाड कार्डावर निळ्या पेन्सिलीने आकडा लिहून देई आणि पेशंट बाहेर पडताना ते कार्ड परत घेई. चार पेशंटच्या हातातून गेल्यावरही कार्डाचा कोपरा दुमडत नसे, इतका पुठ्ठा उत्तम होता. असा पुठ्ठा खाजगी दवाखान्याला परवडतो कसा, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला होता.

त्याचं उत्तर नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, श्रावण संपता संपता मिळालं. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी आषाढात देवळ्याहून माहेरी आली होती. सातवा महिना लागल्यावर तिच्या सासूबाईंनी स्वतः एस.टी.त बसवून दिलं होतं. आल्यापासून ती आमच्याच नळाचं पाणी पीत होती, दुसरं कुठलं पिणार? श्रावणाच्या शेवटी तिला उलट्या सुरू झाल्या. गरोदरपण म्हणून आईने दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेडात तिचे डोळे पाहिले तर हळदीसारखे पिवळे. मी तिला घेऊन दवाखान्यात गेलो. आमचा नंबर चौदावा होता.

मी वाचनालयात नोकरी करायचो आणि हाती आलेला कुठलाही कागद उलटून पाहायची मला खोड होती. कार्ड उलटलं. मागे छापील मजकूर होता. रोग्याचं नाव, वय, पत्ता, रोग, पहिल्यांदा तपासल्याची तारीख, रोग्याची सध्याची स्थिती, डॉक्टरची सही. खाली बारीक अक्षरांत रोगांची यादी: कॉलरा, विषमज्वर, घटसर्प, कावीळ आणि आणखी बरेच. असा रोगी आढळल्यास डॉक्टरने हे कार्ड भरून आरोग्य विभागाकडे धाडणं कायद्याने बंधनकारक आहे, तिकीट लावायची गरज नाही, असंही छापलेलं होतं. सरकारने डॉक्टरांना कार्डांचा गठ्ठा फुकट दिला होता. डॉक्टरांना त्याची कोरी बाजू जास्त उपयोगी वाटली.

आत गेलो. डॉक्टरांनी बहिणीची खालची पापणी ओढून पाहिली आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "घाबरू नका. या गल्लीत सध्या कावीळच चालू आहे. आषाढापासून बघतोय मी."

थिएटरात सिनेमा चालू असावा, तसं त्यांनी ते सांगितलं.

"आषाढापासून?" मी विचारलं. "मग कुणाला कळवलं का?"

"कुणाला कळवायचं?"

"मागे छापलंय ना." मी कार्ड पुढे केलं.

डॉक्टर हसले. "अहो, तुम्ही वाचनालयवाले! ते कारकुनी काम आहे. एक कार्ड पाठवलं की पालिकेची चार माणसं येऊन उभी राहतात. पेशंट तपासू का त्यांना चहा पाजू? ताईंना ऊस द्या, विश्रांती द्या. नेक्स्ट!"

कंपाउंडर पुढच्या पेशंटला आत घेण्याच्या गडबडीत कार्ड परत मागायला विसरला. मी ते खिशातल्या पुस्तकात खुणेला घातलं.

आठ दिवसांनी बहीण सिव्हिलमध्ये होती, शुद्धीत नव्हती. तिथल्या डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून मला एकट्याला सांगितलं, की साधी वाटणारी ही कावीळ गरोदर बाईला मारू शकते. बहीण वाचली. मुलगी मेलेलीच जन्मली. केस दाट होते, एवढं आईने पाहिलं. मी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात आमच्या मागच्या आळीत नुकताच दवाखाना उघडलेल्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्या आळीतला काविळीचा पेशंट गेला. बाई नव्या होत्या, कायदा ताजा वाचलेला होता. त्यांनी कार्ड भरून पेटीत टाकलं. चौथ्या दिवशी पालिकेची माणसं आली. डॉक्टर म्हणाले होते तशी चारच. त्यांनी आमच्या गल्लीच्या वळणावर खणलं, तर दोन्हीकडचा पिण्याच्या पाण्याचा पाइप गटाराच्या आतून गेलेला आणि गंजून फुटलेला. संध्याकाळपर्यंत पाइप बदलला. दारोदार पाणी उकळून प्यायला सांगत एक बाई फिरली. त्यांना चहा आमच्या आईने पाजला.

मी घरोघर जाऊन विचारलं. अकरा घरांत कावीळ होऊन गेली होती, अकराही घरं गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या डॉक्टरांकडेच गेली होती. पहिला पेशंट आमच्या शेजारचे ड्रॉइंगचे मास्तर. ते डॉक्टरांकडे गेले, त्यानंतर एका आठवड्याने बहीण एस.टी.तून उतरली. हा हिशेब मी पुढे किती वेळा केला, ते सांगण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात एक कार्ड गेलं असतं, तर तिच्यासाठी पहिला तांब्या भरला तो उकळलेल्या पाण्याचा असता.

बहीण देवळ्याला परत गेली. तिच्या सासूबाई मला एकदाच बोलल्या, तेही आवाज न चढवता. "तुमना गावनं पानी तुमले लखलाभ, भाऊ. आमनं पानी गोड शे." दुसरं मूल देवळ्यातच झालं, तेव्हा आईला तिकडे जावं लागलं. तेव्हापासून बहीण भाऊबीजेला येते ती पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन. गल्लीतला पाइप दोनदा बदलला, आमच्याकडे फिल्टर आला, तरी कॅन येतोच. ताटाशेजारी ती स्वतःचा पेला त्यातून भरते.

डॉक्टर मोठे होत गेले. नागरिकांच्या कर्तव्यांवर ते व्याख्यानं देऊ लागले. आमच्याच वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं 'आरोग्य आणि जागरूक समाज' या विषयावर भाषण झालं. खुर्च्या मी मांडल्या होत्या. जागरूक समाज चहापर्यंत जागा राहिला.

नवं शतक लागल्यावर त्यांच्या वैद्यकीय सेवेच्या पंचविशीचा सत्कार ठरला. सत्कार समितीचे कार्यवाह माझ्याकडे आले. गावातली निम्मी मानपत्रं मी लिहीत असे. त्या कामाला बुद्धी लागत नाही, विशेषणं लागतात, आणि ती माझ्याकडे वहीत तयार असत.

"दीपस्तंभ घाला," कार्यवाह म्हणाले. "मागच्या वेळी घातला नव्हता, ते नाराज झाले होते."

"कोण नाराज झाले होते?"

"ते नव्हे हो, दुसरे. पण घालाच."

मानपत्राबद्दल एक गोष्ट इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आली होती, की ते कुणीच वाचत नाही. समिती मजकूर न पाहता सुलेखनकाराकडे पाठवते. सुलेखनकार अक्षरं पाहतो, वाक्यं पाहत नाही. अध्यक्ष सही कुठे करायची एवढंच विचारतात. व्यासपीठावर वाचन चालू असताना फोटोग्राफर माणसांची जागा बदलतो, शाल शोधली जाते, आणि सत्कारमूर्ती विनयाने खाली बघत असतात. मी दीपस्तंभ पहिल्याच ओळीत घातला. तिसरा परिच्छेद असा लिहिला:

"आपल्या अविचल वृत्तीची प्रचिती आमच्या गल्लीने एका श्रावणात घेतली. अकरा घरांतील कावीळग्रस्त आपल्या दवाखान्याची पायरी चढले. कायद्याने बंधनकारक असलेले एकही कार्ड आपण आरोग्य विभागाकडे धाडले नाही. त्या कार्डांच्या पाठीवर आपण रुग्णांचे क्रमांक लिहिले. फुटलेली जलवाहिनी त्यामुळे दोन महिने अबाधित राहिली आणि एक बालिका जन्मापूर्वीच निवर्तली."

यात खोटं काही नव्हतं आणि आडून काही म्हटलेलं नव्हतं. कार्यक्रमात मी ते स्वतः वाचलं, स्पष्ट आणि सावकाश. 'निवर्तली' या शब्दावर टाळ्या पडल्या. तो शब्द कुणाला कळला, कुणाला नाही, हे मी ठरवू शकलो नाही. अध्यक्षांनी, कार्यवाहांनी आणि दोन माजी पदाधिकाऱ्यांनी खाली सह्या केल्या. डॉक्टरांनी मानपत्र फ्रेमसह कपाळाला लावलं आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंटांच्या बाकासमोर टांगलं.

ते तिथे दोन वर्षं होतं. मी घरी जाताना काचेतून बघत जायचो. त्या दोन वर्षांत मला चांगली झोप लागली, हे लपवण्यासारखं नाही.

मग एकदा आरोग्य विभागातले एक निरीक्षक ताप आला म्हणून त्या बाकावर बसले. टेबलावरचं साप्ताहिक फार जुनं होतं, म्हणून त्यांनी समोरची भिंत वाचली. दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात आले. अंगात अजून कणकण होती, गळ्याला मफलर होता.

"ते मानपत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तिसरा परिच्छेद?"

"तोही."

"खरं आहे?"

मी कपाटातून पुस्तक काढलं आणि खुणेचं कार्ड त्यांना दाखवलं. त्यांनी आधी निळा चौदा पाहिला, मग उलटून मागची बाजू पाहिली. "आमचा पुठ्ठा आहे," ते म्हणाले. "आम्ही म्हणायचो, डॉक्टरांना दिलेले गठ्ठे संपतात आणि कार्डं तर येत नाहीत." कार्ड मला परत देऊन ते गेले. आठवड्याने डॉक्टरांना लेखी खुलासा मागणारं पत्र गेलं.

डॉक्टर दुपारी आले, वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे डुलक्या घेत असतात तेव्हा. मी नोंदवहीत डोकं घालून त्यांना थोडं उभं ठेवलं. फार नाही, चौदाव्या नंबराला लागतो तेवढा वेळ.

"हे काय करून ठेवलंय तुम्ही?" ते हलक्या आवाजात म्हणाले.

"तुम्ही वाचलंत?"

"आता वाचलं! माझी बदनामी आहे ही."

"खाली अध्यक्षांची सही आहे. खोटं आहे म्हणायचं तर त्यांना विचारायला हवं."

ते बसले. घाम पुसला. "असं करा, एक पत्र द्या. लिहिताना चूक झाली म्हणून. खुलाशाला जोडतो, विषय संपला."

"देतो," मी म्हणालो. "आधी हे भरा."

मी चौदा नंबरचं कार्ड उलटं करून त्यांच्यासमोर ठेवलं आणि पेन दिलं. त्यांनी कार्डाकडे आणि माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"अहो, इतक्या वर्षांनी याचा काय उपयोग?"

"पत्र पाहिजे ना?"

त्यांनी पेन उघडलं. "काय नाव होतं त्यांचं?"

त्यांना आठवत नसणार, हे मला ठाऊक होतं. मी नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं. वय सांगितलं, लिहिलं. रोगाच्या रकान्यात त्यांनी आपणहून 'कावीळ' लिहिलं. तारीख मी सांगितली. 'रोग्याची सध्याची स्थिती' या रकान्यापाशी ते थांबले.

"बऱ्या आहेत ना आता?"

"ती बरी आहे. मुलीसाठी रकाना नाही. समासात लिहा."

"मुलगी?"

"जिवंत जन्मली नाही ती. तेच लिहा."

त्यांचं अक्षर बाकी डॉक्टरांसारखंच होतं. समासातली ओळ मात्र त्यांनी सुवाच्य लिहिली. सही केली, टोपण लावलं आणि हात पुढे केला. "आता पत्र."

"टायपिस्ट रजेवर आहे," मी म्हणालो. "मंगळवारी या."

कार्ड मी स्वतः आरोग्य विभागात नेऊन दिलं. आवकच्या बाईंनी तारीख वाचली, पुन्हा वाचली, आणि शिक्का मारला. मी झेरॉक्स ठेवून घेतली.

डॉक्टर मंगळवारी आले. पुढच्या मंगळवारीही आले. तिसऱ्या वेळी त्यांनी कंपाउंडरला पाठवलं. तो बिचारा बाकावर तासभर बसला. मानपत्र तोवर भिंतीवरून उतरलं होतं. नंबर आता साध्या कागदावर देतात, असं त्यानेच सांगितलं.

त्या भाऊबीजेला मी बहिणीला झेरॉक्स दाखवली. समासातली ओळ तिने बोटाने वाचली, पहिलीतली मुलं वाचतात तशी. मग कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली.

"पत्र दिलंस त्यांना?"

"देईन."

"देऊन टाक, दादा. म्हातारे झाले असतील आता."

"देतो म्हटलं ना."

तिने कॅन तिरका करून आपला पेला भरला. मग, पहिल्यांदाच, माझाही भरला. पाणी खरंच गोड होतं. पत्र मी अजून दिलेलं नाही.