गोदाकाकूंचा खुंटा

गोदाकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते कडब्याच्या पेंढ्यांतून बाहेर येताना. बेंबळीच्या आरोग्य केंद्रात मी नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते आणि भाड्याची खोली बघायला त्यांच्या परसात शिरले होते. डिसेंबरची सकाळ होती. फरशीवर मूठभर ज्वारी सांडलेली आणि तिच्यावर सात-आठ चिमण्या तुटून पडलेल्या. मी परभणीकडची, शेतकऱ्याची लेक. दाण्यावर पाखरू दिसलं की माझे हात आपोआप वाजतात. मी दोन टाळ्या वाजवल्या आणि जोरात हुर्र केलं. चिमण्या उडाल्या. कोपऱ्यात उभ्या केलेल्या पेंढ्या हलल्या. त्यांतून आधी कॅमेऱ्याची लांबलचक नळी बाहेर आली आणि तिच्यामागून डोईवर पदर घेतलेल्या, सत्तरीला टेकलेल्या काकू.

"झालं का समाधान?" त्यांनी शांतपणे विचारलं. "दीड तास झालं बसलीय म्या."

आता कसली खोली मिळतेय, असं मला वाटलं. पण काकूंनी कॅमेरा खाटेवर ठेवला, चहाचं आधण चढवलं आणि दोन अटी सांगितल्या. सकाळी नऊ वाजेपर्यंत परसात कपडे झटकायचे नाहीत आणि कुठल्याच पाखराला हाकलायचं नाही. दुसरी अट पाळताना पहिला आठवडाभर मी हात पाठीमागे बांधून फिरत होते.

काकूंचं माहेर तेरजवळचं. कळत्या वयापासून लग्नापर्यंत आणि पुढे सासरीही प्रत्येक हिवाळा त्यांनी ज्वारीच्या राखणीत, शेतातल्या माळ्यावर उभं राहून काढलेला. त्यांची गोफण गावात नावाजलेली होती. कॅमेरा पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाचा. त्याची हौस वर्षभरात फिटली आणि कॅमेरा आईच्या पेटीत येऊन पडला. काका वारले त्या हिवाळ्यात काकूंनी तो बाहेर काढला. आयुष्यभर पाखरांवर गोफण चालवणाऱ्या बाईला हे काय सुचलं, असं मी एकदा विचारलं. तोवर 'सिस्टरबाई'ची मी 'पोरी' झाले होते.

"उभा जलम हाकलली गं," त्या म्हणाल्या. "सारखं थव्याकडंच बघितलं. येकाचं बी तोंड कधी नीट बघितलं न्हाय."

आता त्या तोंडंच बघत होत्या. मुनियांच्या छातीवरचे ठिपके, जास्वंदीत चोच खुपसणारा शिंजीर, एका बोटानं अधू असलेली चिमणी. तिला त्या लंगडी म्हणत आणि ती एखाद्या दिवशी दिसली नाही तर जेवताना तिचा विषय निघे. फोटो त्यांनी कुठे पाठवले नाहीत की भिंतीवर लावले नाहीत. घरी कुणी आलं की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवायच्या, पाहुण्याला घाई असली तरी. त्यांचं तंत्र सगळं गोफणीचं होतं. मी मोबाईल घेऊन पाखरामागे धावायचे आणि माझ्या फोटोत नुसत्या फांद्या यायच्या. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "पाखरू दिसल्यावर नेम धरू नगंस. ते बसणार कुठं, तिथं आधीच धरून ठेव."

या सगळ्यांत त्यांचा लाडका होता थरथऱ्या. काळा, पोटाशी विटकरी, चिमणीएवढा आणि बसल्या जागी शेपटी सारखी थरथरणारा. पुस्तकात त्याला थिरथिरा म्हणतात आणि तो हिवाळ्यापुरता हिमालयाकडून येतो, हे मी मोबाईलवर शोधून त्यांना सांगितलं. ज्वारी हुरड्यात आली की हा पाहुणा परसातल्या खुंट्यावर हजर. म्हैस विकून कितीतरी वर्षं झाली होती, खुंटा मात्र काकूंनी काढला नव्हता. शेजारी पाचोळ्याचा नि शेणाचा ढीग. थरथऱ्या खुंट्यावरून ढिगावर उडी मारायचा, किडा उचलायचा आणि पुन्हा खुंट्यावर येऊन बसायचा.

गेल्या हिवाळ्यात मात्र काकूंचे डोळे अधू झाले. दोन्हींत मोतीबिंदू होता आणि उजवा, म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा, पार पिकला होता. आणखी लांबवलं तर डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाराशिवला ऑपरेशनची तारीख मिळाली. काकू जायला तयार होईनात. थरथऱ्या आल्याशिवाय नाही म्हणाल्या. मी नर्स; गावभर लोकांना दटावणारी. घरातच माझं कुणी ऐकेना म्हटल्यावर मी संतापले, एका पाखरासाठी डोळा घालवणार का, असं तोंडावर बोलले.

"अन् डोळा परत न्हाय आला तर?" काकू म्हणाल्या. "त्येला येकदा बघून जाते."

तोवर मी त्यांना हट्टी समजत होते. त्या घाबरल्या आहेत हे मला त्या दिवशी कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

लाज वाटली की मी कामाला लागते, ही माझी जुनी खोड. काकू भावकीतल्या एका लग्नाला गेल्या होत्या तेव्हा, ऑपरेशननंतर धूळ नको, घाण नको म्हणून, मी परस झाडून लख्ख केलं. पाचोळा जाळला, शेण उचलून टाकलं आणि पायात येतो म्हणून खुंटाही उपटला. संध्याकाळी काकू आल्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण पायानं खुंटा चाचपला आणि तो सापडेना तेव्हा त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. शुश्रूषेच्या परीक्षेत पहिली आलेली मी, पाखराचं ताट उचलून बसले होते.

काकू रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारून शेणाची पाटी मागून आणली, मी पाचोळा गोळा केला आणि दोघींनी मिळून खुंटा पुन्हा ठोकला. ऑपरेशनची तारीख गेली. मी हातापाया पडून पुढची मिळवली, ती तीन आठवड्यांनंतरची. रोज सकाळी कामावर जाण्याआधी मी पेंढ्यांमागे बसून कॅमेरा खुंट्यावर लावून द्यायचे. काकू विचारायच्या, पडद्यावर खुंट्याच्या चिरा मोजता येतात का? येतात म्हटलं की त्या उशीवर टेकवलेल्या कॅमेऱ्याच्या बटणावर बोट ठेवून, थरथऱ्याच्या आवाजाकडे कान लावून बसायच्या. ढिगात किडे झाले, लंगडी येऊन गेली, थरथऱ्या मात्र येईना. रोज मला वाटायचं, हा डोळा माझ्यामुळे जाणार.

तारखेला दोन दिवस उरले होते. लसीकरण लवकर आटोपलं म्हणून मी मागच्या दारानं घरी आले आणि उंबऱ्यातच थांबले. खुंट्यावर थरथऱ्या बसला होता. माझ्या खांद्यावर जड पिशवी होती, नाकात शिंक आली होती. मी काहीही केलं नाही. श्वाससुद्धा धरून ठेवला. काकूंना सांगावं तर पाखरू उडेल. तेवढ्यात त्यानं बारीक टिकटिक आवाज केला आणि पेंढ्यांतून कॅमेऱ्याची खटखट ऐकू आली.

पाखरू गेल्यावर मी पळत जाऊन काकूंना दिसला का विचारलं. नुसतं काळं काहीतरी हललं, म्हणाल्या. माझे डोळे भरून आले. काकू मात्र पदर झटकून उठल्या.

"फोटू काढून झाला," त्या म्हणाल्या. "आता बघायला डोळा पायजे. चल."

ऑपरेशन झालं. डोळा वाचला, थोडा आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी निघाल्यावर घरी येऊन काकूंनी सगळ्यांत आधी कॅमेरा मागितला. पडद्यावर थरथऱ्या होता, डोळ्यातली चमक दिसेल इतका स्वच्छ. त्याच्यामागे पुसटशी, पिशवी खांद्याला लावून खांबासारखी उभी असलेली मी. काकूंनी कॅमेरा जवळ घेतला, लांब धरला.

"ह्यात दोन पाखरं हायेत गं," त्या म्हणाल्या. "येक हिमालयाकडनं आलंय, येक परभणीकडनं."

मार्चअखेर थरथऱ्या निघून गेला. जूनमध्ये माझी मुरुमला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं. मी काकूंच्या पाया पडले, खोली आता कुणाला देणार, असं उगाच विचारलं. टेम्पो सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन त्या म्हणाल्या, "खुंटा काढत न्हाय म्या."