गोड सिगारेटीचा मुकदमा

आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे शिकाचं असन तं माह्याकडून शिका. चहा घ्या, सांगतो.

साठच्या पुढचं एखादं साल असन. दिग्रसच्या एका जिनिंगात काट्यावर बाबू म्हणून मी नवाच लागलतो. कापसाच्या गाड्या तोलाच्या, वजन लिहाचं. माहा मामा तिथंच मुकादम. त्यानं मॅनेजरच्या हातापाया पडून मले चिकटवलं, अन् वरून बजावलं, "वसंता, नोकरी पक्की होयेपर्यंत शहाणपणा करू नको."

आता जिनिंग म्हटलं का आगीचं भेव. गेटावर मोठ्या अक्षरात फलक: 'बिडी, सिगारेट, आगपेटी आत आणण्यास सक्त मनाई.' जमादार रामधन एकेका गाडीवानाचे खिसे चाचपे. आम्हा बाबूलोकाइले मात्र नुसता रामराम करे.

एक दिवस घरची आगपेटी सरली म्हणून सकाळी दुकानात गेलो, तं तिथं नवलच पाह्यलं. सिगारेटीचं पाकीट, आत पांढऱ्या कांड्या, टोकाले लाल रंग, पेटल्यासारखा. दुकानदार म्हणे, "साखरेच्या हायेत बाबू, पोट्ट्याइसाठी."

साखरेची सिगारेट? हे कोणाच्या डोक्यातून निघालं असन? अन् पोट्ट्याइले हे विकाले सरकार परवानगी देते काय? इचार करत करत सौदा खिशात टाकला अन् तसाच कामावर गेलो.

काट्यापाशी मले काही राहवलं नाही. एक कांडी ओठात धरली. पेपरमिंटसारखी थंडगार लागे. मजेत चोखून राह्यलो, तं जमादाराची शिट्टी वाजली.

"बाबू, कापसाच्या गंजीपाशी सिगारेट?"

"अरे गोळी आहे रामधन. खाऊन पाह्य."

"गोळी आहे तं सिगारेटीवानी काहून?"

मी पाकीट त्याच्यापुढं धरलं. तोवर गाडीवान जमले. एक म्हणे, धूर नाही तं गुन्हा नाही. दुसरा म्हणे, थांब, धूर मागून निघत असन. गलका ऐकून मॅनेजर आले, त्याइच्या मागं पांढराफटक पडलेला मामा.

मॅनेजर शांत माणूस. पाकीट उलटंपालटं करून म्हणाले, "यावर सिगारेट लिहिलं आहे. फलकावरही सिगारेटच लिहिलं आहे. साखरेची चालेल, असं कुठं आहे?"

मामा डोळ्यानं खुणावून राह्यला होता, माफी माग म्हणून. पण माह्या अंगात वकील शिरलता ना.

"साहेब, मनाई आगीसाठी आहे. जे पेटतच नाही, ते कायद्यात बसन कसं?"

"पेटत नाही कशावरून?" त्याइले खरंच जाणून घ्याचं होतं.

"आत्ता दाखवतो," म्हटलं, अन् मोठ्या ऐटीत खिशातून आगपेटी काढली.

मामानं कपाळाले हात लावला. मॅनेजरनं माह्या बोटातून आगपेटी अलगद काढून घेतली.

"सिगारेट साखरेची, मान्य. आणि ही कशाची आहे वसंतराव? बत्ताशाची?"

नोकरी त्याच दिवशी गेली. मामा दिवाळीपर्यंत बोलला नाही. गोड सिगारेटीचं पाकीट मात्र मॅनेजरनं मले परत दिलं. ते नियमात बसत होतं म्हणे.