कुशा तांडेलचं नाव

जेवणावळी उठतात आणि भर दुपारी किल्ल्यावर सामसूम होते. खाडीकाठच्या कोळ्यांचं बंड मोडलं, म्हणून आज गोडाधोडाचं जेवण होतं. किल्लेदार आबासाहेबांची लेक सगुणा हसऱ्या तोंडानं पंगतीत वाढत होती. आता ती माडीवर येऊन भिंतीकडे तोंड करून पडली आहे. बंडाचा म्होरक्या कुशा तांडेल तोफेच्या गोळ्यानं होडीसकट बुडाला. तो तिचा कोण होता, हे अख्ख्या गडावर कुणालाच ठाऊक नाही. त्यामुळे रडायचीही सोय नाही.

डोळा लागतो न लागतो, तोच उशीखालून पाण्याची चुळुकचुळुक ऐकू येते.

पलंग हलकेच डुलतो आहे. पायथ्याशी कुशा वल्हं मारत बसला आहे, नखशिखान्त ओला.

"तांडेल, फार दुखलं का रे?"

"गोळा लागला तेव्हा नाही. वर बघितलं आणि तुझी खिडकी मिटलेली दिसली, तेव्हा दुखलं."

"आबासाहेबांनी खिडकीला कुलूप घातलं होतं."

"कळलं ते. मेल्यावर सगळं कळतं म्हणतात. मला तेवढंच कळलं."

पलंगाची होडी जिना उतरते. सदरेवर छातीभर पाणी आहे आणि त्यात मानकरी लोडाला टेकून विडे चघळताहेत. आबासाहेब तिच्या अंगावरून पलीकडे बघतात, जणू ती तिथे नाहीच. सदरेच्या खांबांना पालवी फुटते, त्यांची तिवरं होतात, आणि दोघं खाडीच्या त्या आडवळणी पोचतात जिथे चोरून भेटत असत.

"आलास कशाला?" ती विचारते. "न्यायला आला असशील तर चल."

"न्यायला नाही. मागायला आलोय." तो वल्हं आडवं ठेवतो. "माझं नाव घ्यायचं नाही, अशी दवंडी पिटली तुझ्या बापानं. आई घेत नाही, भाऊ घेत नाही. घरात हाक मारली तरी घर जाळतील. माणूस बुडाला तर बुडाला, सगुणे. नाव बुडालं की काही उरत नाही."

"मी काय करू?"

"लग्नात बायका घेतात ना, तसं घे. एकदाच."

तिनं त्याला कायम तांडेल म्हटलं होतं. नाव ओठांवर यायचं आणि ती गिळून टाकायची. आता कुशा तिचं मनगट घट्ट धरतो. पाणी ओसरू लागतं, तिवरं पुसट होतात. ती घाईघाईनं, मोठ्यांदा म्हणते,

"खाडीच्या पाण्याला दर्याची ओढ,
कुशाचं नाव घेते, खाऱ्यातही गोड!"

"कुणाचं नाव घेतलंस गं?"

दारात आत्याबाई उभ्या आहेत. न कळत्या वयात विधवा झालेल्या, साऱ्या घराला धाकात ठेवणाऱ्या. सगुणा उठून बसते. स्वप्नात बरळले, असं म्हणता आलं असतं.

"माझ्या नवऱ्याचं," ती म्हणते.

आत्याबाई पुढे येऊन तिचा हात ओढतात, आणि थबकतात. मनगटावर चार बोटं आणि एक अंगठा उमटला आहे. वाळलेल्या मिठाचा, पांढराशुभ्र.

खालून आबासाहेबांचा आवाज येतो, "वर कोण ओरडलं?"

 आत्याबाई सगुणाचाच पदर मनगटावर ओढतात.

"कुणी नाही, दादा. पोर झोपेत दचकली."

दार लोटून त्या निघून जातात. एकटी सगुणा पदर सारते आणि मनगट ओठांना लावते. खारट लागतं.