भावजींची उलटी बार्ज

आमच्या भावजींना झाकण सोसत नसे. डब्याचं नव्हे, यंत्राचं. घरात नवा मिक्सर आला तर त्यात पहिलं वाटण व्हायच्या आधीच तो उताणा होऊन त्यांच्या मांडीवर. भिंतीवरचं घड्याळ, माझी शिलाई मशीन, विहिरीवरचा पंप, सगळ्यांचे स्क्रू त्यांनी एकदा तरी ढिले केलेले. मी ओरडले की म्हणायचे, "वयनी, आतडी दिसली पाहिजेत गो. माणसाची झाकलेली बरी, यंत्राची दिसलेली बरी." मोडून ठेवलं असं मात्र कधी झालं नाही. उलट ते घड्याळ त्यांनी उघडल्यापासून जरा पुढेच पळायला लागलं.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवऱ्याला घरात सगळे दादा म्हणतात, मीही इथं तेच लिहिते. आमचं घर नार्व्याच्या बाजूला, नदीकाठी. दादाने शेत धरलं आणि भावजींनी बार्ज. खाणीचा माल भरून मांडवीतून खाली जाणाऱ्या बार्जींवर, म्हणजे त्या सपाट मालबोटींवर, ते इंजिनात कामाला. सगळा जन्म त्या धडधडीत गेला, त्यामुळे कान अधू आणि आवाज असा की मला गुपित म्हणून सांगितलेलं पलीकडे दिवाडीला ऐकू जावं. "वयनी, दादाला सांगू नको," असं ते म्हणाले की पडवीतून दादाच विचारायचा, "काय सांगू नको?"

इंजिनाची खोली पाण्याच्या पातळीखाली. तिथं जनेल, म्हणजे खिडकी, नाही. वर कप्तानाला काठ दिसतो, झाडं दिसतात, भावजींना दिसायचं ते फक्त इंजिन. आपण कुठे पोचलो हे ते आवाजावरून सांगत. नदी अरुंद झाली की आवाज काठावर आपटून परत येतो म्हणे. आमच्या शेताजवळून बार्ज जायची तेव्हाही त्यांना कळायचं. "घर आलं," असं मनात म्हणायचो, ते सांगत. बघितलं मात्र कधी नाही.

पुढे खाणी बंद पडल्या, बार्जी नदीत गंजत उभ्या राहिल्या आणि भावजी घरी बसले. बायको आधीच गेलेली. मुलगी सुनीता धारगळला दिलेली. तिची सानिका पणजीला कॉलेजात, सुट्टीत आजोबांकडे यायची. तिने एकदा फोनवर चित्रं दाखवली. "आजो, हें बघ, तुझंच." मी वाकून बघितलं. आभाळात फुग्याखाली लटकलेलं जहाज, त्याला पितळेच्या नळ्या, दातेरी चाकं, वाफ सोडणारी धुराडी, आणि डोळ्यांना जाड चष्मे लावलेली कोटवाली माणसं. तिने समजावलं की याला स्टीमपंक म्हणतात. वाफेचाच शोध पुढे वाढत गेला असता आणि हे कॉम्प्युटर वगैरे आलेच नसते, तर जग कसं झालं असतं, त्याच्या या गोष्टी. त्याच्याही पुढे डिझेलपंक. तिथं तेल, धूर, पोलाद, घराएवढी इंजिनं.

भावजींनी फोन हातात धरला तो चार्जिंग संपल्यावरच परत दिला. मग म्हणाले, "म्हणजे होऊन गेलेल्या काळातलं, पण न झालेलं." सानिका म्हणाली, "हां, अगदी तसंच." तेव्हापासून त्यांना वेडच लागलं. पण लंडन-बिंडन त्यांना चालायचं नाही. "आपली नदी काय वाईट?" म्हणत ते सगळं इथंच आणायचे. डिचोली-पणजी बस वाफेवर चालवायचे. कंडक्टर एका हाताने कोळसा टाकतोय, दुसऱ्या हाताने तिकीट फाडतोय, आणि म्हापशाला जाणारी बाई भांडतेय की माझ्या साडीवर ठिणगी पडली, अर्धं तिकीट घे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाफेवर. त्याच वाफेवर त्याचा भोंपा वाजतो आणि त्याच वाफेवर टोपलीतले पाव गरम राहतात. ही गोष्ट आमच्या पोदेराने ऐकली आणि चढावर सायकल ढकलताना तो रोज विचारायला लागला, "काय हो, माझी गाडी कधी देताय?"

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला यात एवढं काय आवडलं? मीही विचारलं. त्यांनी टेबलावरचा फोन उचलून मला दाखवला. "याच्या आत काय आहे सांग. काळी पाटी. बिघडला की टाकून द्या. वाफ बघ. कुठे कोंडली, कुठून सुटली, डोळ्यांना दिसते. तिला राग आला तरी दिसतो." माझ्या कुकरची शिटी झाली की ते बोलता बोलता थांबायचे आणि तिचं संपेपर्यंत ऐकायचे, एखाद्या वडील माणसाचं बोलणं ऐकावं तसे.

एकदा मी सहज बोलून गेले, "भावजी, एवढा धूर. त्या गोष्टींत कोणी खोकत नाही?" ते फडक्याने हात पुसत राहिले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मग म्हणाले, आणि त्या दिवशी आवाज खरोखरच लहान होता, "गोष्टीतला धूर कुणाच्या शेतावर बसत नाही, वयनी. वाफेच्या गोष्टींत माणसं स्वच्छ. कोट, टोपी, पितळ चकचकीत. डिझेलच्या गोष्टींत सगळ्यांचे हात काळे. मी डिझेलातला."

आता शेताचं सांगायला हवं. आमचं शेत खाजन, म्हणजे नदीच्या पातळीचं, मध्ये फक्त मातीचा बांध. बार्जी वाढल्या तशा त्यांच्या लाटा दिवसभर बांधावर आपटायच्या. दादा दर उन्हाळ्यात गडी घेऊन बांध लिंपायचा. एका वर्षी तो फुटलाच. खारं पाणी आत शिरलं आणि त्याच्याबरोबर खाणीचा लाल गाळ. काढला तेवढा काढला. पुन्हा शिरला. पुढे तिथं भात पिकला नाही. तेव्हापासून गणपतीत पंचमीला नव्या भाताची कणसं देवापुढे ठेवायची म्हटली की दादा दुसऱ्याच्या शेतात जाऊन मागून आणतो. टोपी काढून मागतो. मी बघितलंय.

दादा भावाला एक शब्द बोलला नाही. दोघे एका ओळीत जेवायचे, माशाच्या ताजेपणावरून वाद घालायचे, पण शेताचं नाव निघालं की दादा हात धुवायला उठायचा. भावजींना तेच खायचं. "एकदा शिवी घाल म्हणावं," ते मला सांगायचे. "बार्ज मी एकट्याने चालवली नाही, मला कळतं. पण घरातला तर मीच ना. त्याने मला शिवी घातली तर मी तरी काही बोलेन." मी भात वाढत राहायचे. तो भात त्यांच्याच पगारातून आणलेला असायचा. बांध फुटल्यापासून घर त्या पगारावर चाललं. आमचा मुलगा त्यावर शिकला. माझ्या स्वयंपाकघराच्या लाद्या त्यावर बसल्या. पाय गार लागायचे त्या लाद्यांवर, आणि मला बरंही वाटायचं, हे कुठे नेऊन ठेवू?

आमच्याकडे चवथीला गणपतीपुढे हलते देखावे करतात. एका वर्षी भावजींनी जाहीर केलं, देखावा माझा. मग न्हाणीतलं पाणी तापवायचं तांब्याचं भाण मागायला आले. माझ्या सासूच्या सासूचं ते. मी दिलं. दादा बादलीत हीटर टाकून आंघोळ करायला लागला आणि काहीही म्हणाला नाही, म्हणजे किती रागावला असेल बघा. दुपारभर मागच्या छपरीत ठोकाठोक चालायची. मी चहा घेऊन जायची आणि तिथंच बसून राहायची. पत्र्याला पत्रा जोडला जातो, चाकाचा दात चाकात बसतो, काहीतरी हलतं. मला आवडायला लागलं होतं. ज्या यंत्राने शेत नेलं त्याच्याच जातीचं हे, हे ठाऊक असून आवडलं. अजूनही डोळे मिटले की दिसतं आणि अजूनही आवडतं.

चवथीच्या दिवशी पूजा झाली आणि भावजींनी जनेलाबाहेर भाणाखालचा गॅस मोठा केला. नळीतून वाफ आत आली. फळीवर नदी होती, पत्र्याच्या लाटांची. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला शेत. मध्ये बार्ज, पितळेच्या धुराड्याची, पण चालत होती उलटी, मागे मागे. आणि लाटा बांधावर जात नव्हत्या, बांधाकडून बार्जीकडे परत येत होत्या. बार्जीवर चष्मा लावलेला एक छोटा माणूस कळ ओढायचा. कळ ओढली की घमेलं शेतात उतरायचं, लाल गाळ उचलायचं, आणि बार्ज तो डोंगरावर नेऊन ओतायची. दर खेपेला शेताचा एक तुकडा फिरून हिरवा व्हायचा. सानिका माझ्या कानात म्हणाली, "आजी, ह्यो खरो स्टीमपंक." मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या.

भावजी कुणाकडेच बघत नव्हते. ते दादाकडे बघत होते. "दादा, कशी वाटली?"

दादाने पूर्ण फेरी बघितली. मग दुसरी बघितली. म्हणाला, "गाळ काढला. बरं केलं. वरची काळी माती खंयची हाडतलो?"

म्हणजे कुठून आणणार. शेतकऱ्याने विचारावा असाच साधा प्रश्न. भावजींनी बाहेर जाऊन गॅस बंद केला. बार्ज अर्ध्या वाटेत थांबली, घमेलं शेतावर लटकत राहिलं. पुढचे दिवस आरतीला आलेली माणसं विचारायची, चालू का नाही? भावजी सांगायचे, "काम बाकी आहे." मला म्हणाले, "दादाचं बरोबर, वयनी. मी नुसता काढायचा विचार केला."

नंतर त्यांची छाती धरायला लागली. हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा सुनीताने त्यांना धारगळला नेलं. मी जाऊन यायची. दादा येत नव्हता. एका सकाळी मात्र स्वतःच धुतलेला शर्ट घालून दारात उभा. "येतेस मगे?" म्हणाला, जसं काही मीच उशीर लावला होता.

सुनीताचं घर हायवेला लागून. ट्रक गेला की कपाटातल्या बश्या वाजतात. भावजी खाटेवर बसले होते, नाकाला नळी. दादा खुर्ची ओढून जवळ बसला.

"त्या मातीचं," भावजींनी सुरुवात केली, "मी काढलंय डोक्यात. भरतीच्या पाण्यात जो मऊ चिखल येतो ना, तो गाळून घ्यायचा..."

"त्याला इंजिन लागत नाही रे," दादा म्हणाला. "त्याला वेळ लागतो. आमच्या आज्याच्या वेळेपासून जमलेली माती ती."

"वेळ तर माझ्याकडे आहे की. या गोष्टींत तेच एक फुकट. पाहिजे तितकं मागे न्यायचं."

"किती मागे नेशील?"

"बार्जी यायच्या आधी."

"आणि मग खाशील काय?" दादा म्हणाला. दादाला बोलायची सवय नाही, तो खुर्चीचा हात धरून बोलत होता. "बांध फुटला आणि मी लाल पाण्याकडे बघत बसलो. बघून घरी यायचो आणि तुझ्या पगाराचा भात जेवायचो. पोर शिकवलं त्यावर. तुला शिवी कुठल्या तोंडाने घालू? तुझ्या त्या बार्जीवर तू एकच माणूस दाखवलास. ते खोटं. मीही जेवलोय."

"तू जेवलास. चालवली मी."

"अर्धं माझं."

"नाही, दादा. तुझ्या वाट्याचं माझ्याकडेच राहू दे. मला सवय आहे."

"तुझी सवय तुझ्याकडे ठेव. माझं मला दे."

आवाज चढले होते. एक बहिरा आणि दुसरा हट्टी. सुनीता भाजीचे हात घेऊन धावत आली. "बाबा, काका, आता या वयात जमिनीच्या वाटणीवरून भांडताय? काय लोक ऐकतील?" दोघेही तिच्याकडे बघत राहिले. मग दादा हसला आणि त्याच्या मागून भावजी, नळी सावरत, खोकत.

हसणं ओसरल्यावर भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी पेजेची वाटी घेऊन उभी होते. "वयनी, तू सांग," ते म्हणाले. "घरात सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. कुणाचं किती?"

त्यांना काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. की तो भात रोज शिजवला मी, दोघांच्या पानात वाढला मी, लाल पाण्याचा वास येणारी दादाची धोतरं धुतली मी आणि त्याच हातांनी नव्या लाद्या पुसल्या. वाटणी करायची तर तिघांत करा. पण जमिनीच्या वाटणीत बाईला कोणी विचारत नाही, आणि इथं विचारलं तर मला बोलता आलं नाही.

"पेज निवतेय," मी म्हटलं. "आधी घ्या."

भावजींनी वाटी घेतली. दोन घोटांत संपवली आणि, "बरी झाली गो," म्हणून रिकामी परत दिली. पुढच्या आठवड्यात ते गेले. मी विचार करते तेव्हा तेच आठवतं, की विचारलं तेव्हाही मी वाढलंच.