दगूनाना पेपर वाचायचे तेव्हा

गेल्या महिन्यात एका मंगळवारी, शाळेत दुसरा तास चालू असताना टेबलावरचा माझा मोबाईल थरथरायला लागला. थांबला, पुन्हा थरथरला. पोरं शुद्धलेखन लिहीत होती. सहज नजर टाकली, तर फुलबाजाराच्या ग्रुपवर दगूनानांचा फोटो, त्याखाली जोडलेले हात आणि मग भराभर येणाऱ्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं ते हे, की आईनं मोबाईल उघडला असेल का? वर्गाबाहेर जाऊन मी सुशीलामावशीला फोन लावला. मावशी बाजारात आईच्या शेजारी बसते, तीस वर्षं दोघी मांडीला मांडी लावून हार करतात. म्हटलं, मावशी, काहीतरी कारण काढ आणि आईचा मोबाईल तुझ्याकडे घे, मी निघालेच. मावशीनं काय झालं ते विचारलं नाही, तिनंही पाहिलंच होतं. मुख्याध्यापकांना सांगून मी सिन्नरच्या स्टँडवर आले आणि मिळाली ती नाशिकची एसटी धरली.

गाडी सुटल्यावर ध्यानात आलं, की मी आत्ता जे केलं ते नेमकं नानांचंच काम होतं. आणि त्याच कामापायी माझी आई गेलं दीड वर्ष त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

दगूनाना नाशिकच्या फुलबाजारात दोरा विकायचे. हाराचा पांढरा दोरा, लांब सुया, पुड्या बांधायला रद्दी, एवढंच त्यांचं दुकान, तेही एका पालथ्या कॅरेटवर मांडलेलं. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलायचे, चिडले की अहिराणीवर यायचे, आणि मग बायका मुद्दाम त्यांना चिडवायच्या. पहाटेचा लिलाव आटोपला, मळ्यातून आलेला झेंडू आणि गुलाब किरकोळवाल्यांकडे गेला, की नऊच्या सुमाराला बाजार जरा दम खातो. हार करणाऱ्या बायका ओळीनं बसतात. त्या वेळी नाना चष्मा लावायचे, घसा साफ करायचे आणि त्या दिवसाचा पेपर मोठ्यानं वाचायचे. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, आणि जिला येत होतं तिचे हात मोकळे नव्हते. वाचून झालं की पेपराची चार-चार पानं प्रत्येकीकडे जायची आणि दुपारपर्यंत त्यात शेवंती बांधली जायची.

त्यांचं वाचणं काही ऐटदार नव्हतं. मंत्र्याचं भाषण आणि मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात ते एकाच सुरात, एकाच दमात वाचायचे, त्यामुळे कुणाचं कुठं संपलं ते कळायचं नाही आणि बायका हसून हसून दोरा तोडायच्या. राशीभविष्य तर ते चक्क पदरचं सांगायचे. जिच्या घरी कटकट चालू असेल तिच्या राशीला त्या आठवड्यात हमखास सुख लाभायचं. शाळेला सुट्टी असली की मीही आईपाशी येऊन फुलांच्या पाटीआड बसायचे. तिसरीत असताना त्यांनी मला हवामानाचा अंदाज वाचायला दिला, मी 'तुरळक' शब्दावर अडखळले, आणि तेव्हापासून मी त्यांची मास्तरीण झाले. पुढं खरंच शिक्षिका झाले तेव्हा त्यांनी बाजारभर पेढे वाटले. माझ्या वडिलांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

एक गोष्ट मात्र मला बऱ्याच उशिरा कळली. नाना सगळा पेपर वाचत नसत. बायकांसमोर बसण्याआधी ते बाजाराजवळच्या पुलाच्या कठड्याशी उभं राहून तो एकदा मनातल्या मनात वाचून काढायचे, आणि कुठली बातमी कुणासमोर वाचायची नाही ते ठरवून यायचे. एकदा दहावीच्या निकालात एका बाईच्या मुलाचा नंबर दिसला नाही, तर नानांनी निकालाचं पान 'आज आलंच नाही' म्हणून दाबून ठेवलं आणि तिचा माल संपल्यावर तिला बाजूला घेऊन सांगितलं. एकदा सटाण्याच्या रस्त्यावर गाडी उलटल्याची बातमी होती. नानांनी त्या दिवशी खेळाचं पान आधी घेतलं, अर्ध्यातच उठून एसटीडी बूथवर गेले, फोन करून खात्री केली, आणि जिचं माणूस गेलं होतं त्या बाईच्या दिराला सोबत घेऊनच परत आले. मग त्या दिरानं तिला सांगितलं. नाना बाजूला उभे होते. बाजारात सगळ्यांना वाटायचं, काय शहाणा माणूस आहे.

मग मोबाईल आले. एकदम नाही, एकेकीकडे आले. कुणाच्या मुलानं दिला, कुणाच्या सुनेनं जुना दिला. आईला मी दिला, नोकरीत कायम झाले त्या दिवाळीला. मला त्याचा केवढा अभिमान होता! आणि खोटं कशाला बोलू, आईला त्या मोबाईलनं सुखच दिलं. मनमाडला दिलेली तिची बहीण वर्षातून दोनदा भेटायची, ती आता रोज सकाळी आवाजात निरोप पाठवायला लागली. आई भजनं ऐकायची, भाज्यांचे व्हिडिओ बघायची, हार करता करता मांडीवर मोबाईल आडवा टेकवून ठेवायची. हळूहळू ओळीतल्या प्रत्येकीच्या मांडीवर एकेक मोबाईल आला आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. नाना मध्ये बसून वाचत राहिले. तेही काही मोबाईलवर डाफरणारे नव्हते, क्रिकेट असलं की कुणाच्याही मोबाईलमध्ये डोकं घालायचे. मला एकदा एवढंच म्हणाले, "ह्याच्यात सगळं हाय गं मास्तरीण. फक्त समोर कोण बसलंय ते ह्याला दिसत नाय." मी हसून सोडून दिलं.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. माझा धाकटा मामा पिकअपमधून फुलांचे कॅरेट पोहोचवायचा. त्या सकाळी सिन्नरच्या रस्त्यावर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि मामा जागीच गेला. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं पहिला फोन केला तो नानांना, कारण बाजारातल्या सगळ्या गाडीवाल्यांकडे नानांचा नंबर असायचा. नानांनी मखमलाबादच्या मळ्यात मोठ्या मामाला फोन केला, ताबडतोब निघ म्हणाले, आणि येऊन कॅरेटवर बसले. आई समोर निशिगंधाचा हार करत होती. नानांनी पेपर उघडला आणि वाचायला लागले. पुढचं मला सुशीलामावशीनं सांगितलं. म्हणे, नाना त्या दिवशी कधी नव्हे इतक्या मोठ्यानं वाचत होते, थांबतच नव्हते, बाजारभाव संपले तर पुन्हा पहिल्यापासून वाचत होते. आईच्या मांडीवर मोबाईल चालू होता. ती वैतागून म्हणाली, "नाना, जरा हळू वाचा ना, मला काही ऐकू येईना."

आणि मग तो व्हिडिओ आला. कुणीतरी चालत्या गाडीतून काढलेला, कुणी कुणाला पाठवलेला, फिरत फिरत आईच्या माहेरच्या ग्रुपवर. उलटलेली पिकअप, रस्ताभर झेंडू... आणि मागच्या फळीवर रंगवलेलं 'भागीरथी'. आईला वाचता येत नाही. पण ती अक्षरं तिला ओळखू यायची, तिच्या आईच्या नावाची होती. मोठा मामा पोहोचायला अजून दहा मिनिटं होती.

ती नानांकडे बघत राहिली. त्यांच्या तोंडावरूनच तिला कळलं. "तुम्हाला माहीत व्हतं," ती म्हणाली. "माझा भाऊ रस्त्यावर पडला व्हता, अन् तुम्ही मला कांद्याचे भाव वाचून दाखवत व्हते."

नाना एवढंच म्हणाले, चुकलं माझं. त्या दिवसानंतर त्यांनी बाजारात पेपर वाचला नाही. बायकांमध्ये दोन तट पडले. काहींचं म्हणणं, त्यांनी भल्यासाठीच केलं. काहींचं म्हणणं, माणूस आपला जातो आणि थांबायचं किती ते दुसऱ्यानं का ठरवायचं? मी कुठल्या बाजूची होते ते मला आजही सांगता येत नाही. मोबाईल मीच दिला होता. रात्रंदिवस ते एकच डोक्यात असायचं.

नानांना मी शेवटची भेटले ती पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत, जाण्याआधी पंधरा-वीस दिवस. अंगात काही उरलं नव्हतं. सून चहा ठेवून आत गेली. मी म्हटलं, नाना, आईचं मनावर घेऊ नका. त्यांनी चहाची कपबशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "लोक म्हणायचे, नाना लय विचारानं थांबतो. विचार कसला... मला सांगताच यायचं नाय. कुणाचं कोण गेलं ते तोंडानं सांगायची हिंमतच नव्हती माझ्यात. म्हणून दुसरं कोणी येईस्तोवर मी वाचत बसायचो." आईला सांगू का, विचारलं तर नको म्हणाले. मी सांगितलेलं नाही. हा लेख छापून आला तर तो मलाच तिला वाचून दाखवावा लागेल, आणि त्या ओळींपाशी मी काय करणार आहे, माझं मला ठाऊक नाही.

त्या मंगळवारी बाजारात पोहोचले तेव्हा आई हारच करत होती. मोबाईल सुशीलामावशीच्या पाटीखाली होता. मी जवळ बसले. आईच म्हणाली, "नाना ना?" मी मान हलवली. सुशीलेनं खोटं कारण काढून मोबाईल नेला तेव्हाच काहीतरी झालंय ते तिला कळलं होतं. मागितला का नाहीस, मी विचारलं. "तू येशील म्हणून थांबले," ती म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. दीड वर्षाचं सगळं रडणं तिनं तिथं ओळीत बसून रडून घेतलं. माझंही.

दहावं झालं. मग एके दिवशी सकाळी नऊच्या आत आईचा फोन. आज पेपरात काय आहे, म्हणाली. सिन्नरला माझ्या खोलीवर पेपर येतो, शाळेला अजून वेळ होता. मी वाचलं. तिनं स्पीकर लावला, मागून बायकांचे आवाज आले, राशीभविष्य मीही थोडं पदरचं घातलं. तीन-चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी मनमाडकडे जीप उलटल्याची बातमी होती, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका, एक गेलेली. मथळा अर्धा वाचला आणि माझी जीभ अडकली. तिकडे फोनभोवती कोण कोण बसलंय, कुणाचं माहेर कुठलं, मला काही दिसत नव्हतं. आवाज तुटतोय असं म्हणून मी फोन ठेवून दिला.

दोन मिनिटांनी तिचा परत फोन आला. "तुझा आवाज काही तुटत नव्हता," ती म्हणाली. "स्पीकर बंद केलाय मी. जरा लांब आलेय. आता सांग."

मी बातमी वाचली. गेलेल्या बाईचं नाव आणि गाव तिनं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मागं कुणीतरी गिऱ्हाईकाला हाक मारत होतं.

"सुशीलेच्या माहेरची हाय ती," आई म्हणाली. "दोघी बरोबरीच्या. एका ताटात जेवल्यात."

आता काय करायचं, मी विचारलं. मावशीच्या मुलाला फोन करू का, तो येईपर्यंत तू थांबतेस का? आई म्हणाली, "नको. ठेव तू. मी बसते तिच्यापाशी. मी सांगते."

फोन बंद करायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. मीही केला नाही. तिची पावलं ऐकू आली, कुणाशी तरी जरा सरका म्हणाली, मग खाली बसताना नेहमी काढते तसा हुंकार काढला. आणि मग अगदी हळू आवाजात... "सुशीले, हातातली सुई खाली ठेव जरा."