आक्कांच्या ओळखीची म्हैस

आमच्या घरमालकीणबाईंचा विश्वास मिळवण्यापेक्षा कलेक्टरची सही मिळवणं सोपं होतं, हे मी देवळाली प्रवरेतल्या कुणाच्याही तोंडावर सांगेन. सारी आळी त्यांना आक्का म्हणे. वांगी घेताना त्या वांग्यांकडे बघतच नसत, विकणारीच्या नखांकडे बघत. तेलवाल्याला आधी विचारत, "आज घरी कालवण काय केलंय?" तो अडखळला की तेल परत! गुळवाल्याला तर भर बाजारात त्याच्याच ढेपेतला खडा खायला लावला. "तू खात न्हाईस ते मी का खाऊ?" आणि दूध? स्वतः गोठ्यात जाऊन म्हैस बघायची, कास बघायची, पाठीवरून हात फिरवायचा, मगच रतीब. मी नगरहून आलेला मास्तर, मनातल्या मनात हसायचो. बायको म्हणे, "हसा खुशाल. पण या घरात कुणाचं पोट बिघडत नाही." तेही खरंच होतं.

बहात्तरच्या दुष्काळात आमची मुलगी तीन महिन्यांची होती. बायको तापानं अंथरुणाला खिळलेली, तिचं अंगावरचं दूध आटलेलं. आक्कांनी आपल्या खात्रीच्या गवळणीकडून रतीब लावून दिला. "तिची म्हस पारडी हुती तवापासून माझ्या ओळखीची हाय. काळजी सोडा." पण काही आठवड्यांनी पोरीला जुलाब सुरू झाले. दोन दिवसांत डोळे खोल गेले, रडण्याचा आवाजसुद्धा निघेना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि म्हणाले, "दूध कुठलं देता? त्यातच काहीतरी आहे. हे थांबलं नाही तर पोर हाती लागायची नाही." आक्का सोबत होत्या. "दुधाला नावं ठिवू नका, डाक्टर," असं त्या फणकारल्या खऱ्या, पण घरी येताच उरलेलं दूध बोटांवर घेऊन चोळून बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी गवळण आली तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या.

"म्हस कशी हाय गं?"

"बरी हाय की."

"चल, बघून येऊ."

गवळणीनं चरवी खाली ठेवली. "आक्का, म्हस न्हाई. पंधरा दिस झालं. चारा न्हाई, बसली ती उठलीच न्हाई." मग ती दूध कुठून आणत होती? जावेच्या शेळीचं, वाटीभर. वर विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी. "तान्ह्या लेकराला न्हाई कसं म्हनू? तोंडच उघडंना माझं."

"माझी पोर मारायला निघाली होतीस!" मी अंगावर धावूनच गेलो. आक्कांनी मला हातानं मागं सारलं.

"वाटीभरच आन," त्या तिला म्हणाल्या. "पानी घालायचंच तर मी घालीन, उकळून." मग माझ्याकडे वळल्या. "तिला बोलू नका, मास्तर. साऱ्या गावाला इचारत फिरले मी. हिलाच इचारलं न्हाई. ओळखीची म्हनून."

आठवडाभर आक्का पोरीला मांडीवर घेऊन चमच्या-चमच्यानं दूध पाजत होत्या. पोर सावरली, हसायला लागली. तेव्हा कुठे मला गवळणीला बोललेलं टोचायला लागलं. माफी मागायला मी तिच्या गोठ्याकडे गेलो, तर आक्का आधीच तिथे होत्या. रिकाम्या खुंट्यापाशी दोघी पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या, घरातलं माणूस गेल्यासारख्या. आत जायचं माझं धाडस झालं नाही. ती माफी मागायची राहिली ती राहिलीच.